डाव्या विंगेतला मुका

मुका गेल्याचा फोन आला तेव्हा राजे आरशासमोर दाढी करत होते, आणि बातमी ऐकूनही त्यांनी उरलेला गाल पुरा केला. अर्धवट दाढीचा माणूस रडला तरी विनोदीच दिसतो, असं त्यांचं मत होतं. राजेंना प्रत्येक गोष्टीवर मत होतं आणि ते बहुधा कुणाला तरी पायरी दाखवणारंच असायचं.

ते खरेखुरे राजे नव्हते, हे सांगायला नकोच. नाटक कंपनीत उभी हयात राजे, सरदार, सेनापती असल्याच भूमिका केल्या, म्हणून ते नाव चिकटलं. आवाज असा की शेवटच्या रांगेत घोरणारा माणूस दचकून उठावा. पाठांतराच्या नावानं मात्र आनंद होता. त्यासाठी डाव्या विंगेत मुका बसलेला असायचा.

मुका म्हणजे कंपनीचा प्रॉम्प्टर. नाटक चालू असताना अंधारात स्टुलावर बसून विसरभोळ्या नटांना वाक्यं कुजबुजायची हा त्याचा उद्योग, आणि एरवी दिवसभर तो तोंडातून चकार शब्द काढत नसे, म्हणून चेष्टेनं मुका. त्याची एक पद्धत होती. वाक्याचे पहिले दोन शब्द द्यायचे आणि थांबायचं. आवाज सपाट, त्यात ना रडू ना हसू. पुढचं नटानं पुरं करायचं. खोकला येऊ नये म्हणून त्याच्या दाढेत कायम लवंग असे. राजेंची जीभ त्या दोन शब्दांना अशी सरावली होती की ते कानावर पडले की डोक्याला न विचारताच वाक्य पुरं करून मोकळी व्हायची.

प्रयोग संपल्यावर दोघं रंगपटात चहा प्यायचे. राजे कंपनीतल्या एकेकाची सालटी काढायचे, मुका ऐकून घ्यायचा. मुक्याशिवाय राजेंना मित्र म्हणून दुसरं कुणीही नव्हतं. हे त्यांनी मुक्याला कधी सांगितलं नाही. हाताखालच्या माणसाला असं सांगितलं की तो डोक्यावर बसतो.

"अंत्यसंस्काराआधी त्याला थिएटरात दर्शनासाठी ठेवणार आहोत," मॅनेजर फोनवर म्हणाला. "भाषण तुम्हीच करायचं, राजे. गाडी पाठवतो. फक्त... हातात कागद ठेवा हं. मागच्यासारखं व्हायला नको."

राजेंनी फोन आपटला. मागच्यासारखं! मुक्याच्या घशाला रोग लागला, तो अंथरुणाला खिळला आणि त्याच्याशिवायच्या पहिल्याच प्रयोगात राजे भर दरबारात सिंहासनावर बसून नुसते डोळे वटारत राहिले होते. आधी एक जण हसला, मग सगळं थिएटर. शेवटी पडदा पाडावा लागला. तेव्हापासून राजे घरी होते आणि कंपनीत म्हण पडली होती: राजे म्हणजे मुक्याचा भोंगा.

आज ती सगळी पिलावळ समोर असणार होती. आज त्यांच्यापुढे कागदाशिवाय आणि मुक्याशिवाय बोलून दाखवायचं, नाहीतर भोंगा म्हणूनच मरायचं. मित्राच्या अंत्ययात्रेला निघालेल्या माणसाच्या मनात खरं तर दुसरं काहीतरी असायला हवं. पण राजे तसेच होते.

गाडी आली ती पाहूनच राजेंनी नाक मुरडलं. ड्रायव्हर जाडजूड, पोक्त माणूस होता. त्यानं "वाईट झालं, साहेब," म्हटलं, तेव्हा याला काय कळतंय अशा नजरेनं त्याच्याकडे बघून राजे मागे बसले. दुपार होती, पण धुकं असं उतरलं होतं की रस्त्याच्या कडेची झाडं एक-एक करून समोर यायची आणि पुसली जायची.

राजेंनी डोळे मिटून भाषण घोळवायला घेतलं.

"मित्रहो, हा माणूस जन्मभर अंधारात बसला..."

पुढे काय? सकाळी तर छान जमलं होतं. ते पुन्हा म्हणाले, "हा माणूस जन्मभर अंधारात बसला..."

"म्हणून आम्ही..."

"म्हणून आम्ही उजेडात उभे राहू शकलो!" राजेंनी वाक्य ठोकून दिलं आणि स्वतःवरच खूश झाले. वा! याला म्हणतात वाक्य. मग त्यांच्या लक्षात आलं की पहिले दोन शब्द त्यांचे नव्हते.

"काय म्हणालात?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

"मी? मी कुठं काय बोललो, साहेब?"

"लवंग खाताय का तुम्ही?"

"छे हो. मागच्याच महिन्यात दाढा काढल्यात सगळ्या."

राजेंनी हुंगून पाहिलं. गाडीत लवंगेचा वास होता. जुन्या गाड्यांना काय वाटेल ते वास येतात, त्यांनी मनाशी म्हटलं, आणि जुन्या कानांना काय वाटेल ते ऐकू येतं. त्यांनी काच खाली केली. धुकं आत आलं, ओलं आणि गार, पण वास गेला नाही.

पुढे रेल्वेचं फाटक लागलेलं होतं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि पाय मोकळे करायला खाली उतरला. त्याची पाठ धुक्यात चार पावलांत विरघळली. मग कशाचाच आवाज उरला नाही. राजेंना स्वतःचा श्वास ऐकू येत होता. थोड्या वेळानं त्यांच्या ध्यानात आलं की त्यांनी श्वास रोखून धरलाय, तरी तो ऐकू येतोच आहे. डाव्या बाजूनं. संथ, थोडा घरघरता.

त्यांनी तिकडे मान वळवली नाही. नटानं विंगेकडे बघायचं नसतं.

"हे बघ," ते हलकेच म्हणाले, "मेल्यावर तरी माणसानं जरा स्वस्थ पडावं. तुला काय वाटलं, तुझ्यावाचून माझं अडलंय?"

श्वास थांबला.

"घसा माझा..." डाव्या कानाशी सपाट आवाज आला.

राजेंनी तोंडावर हात दाबला. हाताखाली जीभ वळवळली आणि बोटांच्या फटींतून त्यांचाच आवाज बाहेर पडला, "घसा माझा होता, पण आवाज त्याचा होता."

ड्रायव्हर परत आला तेव्हा साहेब कोपऱ्यात अंग चोरून बसले होते आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. हे वाक्य मात्र त्या पिलावळीसमोर प्राण गेला तरी म्हणायचं नाही, असं राजेंनी ठरवलं. भूत असो की भास, आपली लाज काढायचा अधिकार त्यांनी कुणालाच दिला नव्हता.

थिएटरात शिरताच ओळखीचा वास आला. धूळ, जुना मखमली पडदा, रंग, उंदीर. खुर्च्या अंधारात होत्या आणि फक्त रंगमंचावर दिवे होते. मधोमध फुलांखाली मुका निजला होता. जन्मात पहिल्यांदाच त्याच्यावर उजेड पडला होता आणि तो त्यात फार लहान दिसत होता. राजेंचा हात नकळत फुलांकडे गेला. त्यांनी तो मागे घेतला, कारण पहिल्या रांगेतून कंपनीतला विनोदी नट त्यांच्याकडे बघत शेजारणीच्या कानाशी लागला होता. कसली ही माणसं! एकाला धड उभं राहता येत नाही, दुसरीला रडता येत नाही, आणि हे म्हणे कलावंत.

मुक्याची बायको पुढे आली. राजे तिला वहिनी म्हणत, पण चार वाक्यांपलीकडे कधी बोलले नव्हते.

"आलात, भाऊजी?" ती म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेलाच होता. गळ्याला भोक, त्यातून नुसता वारा. पण शेवटी शेवटी ओठ हलायचे. दोन शब्द, मग थांबायचे. परत दोन शब्द, परत थांबायचे. पुढचं कुणीतरी बोलेल अशी वाट बघायचे."

राजे मुक्याच्या मिटलेल्या ओठांकडे बघू लागले.

"मी विचारलं, भाऊजींना बोलावू का? तर मानेनं नाही म्हणाले. मग बोट स्वतःकडे केलं... आणि दाराकडे."

"म्हणजे?"

"मीच जातो, असं." वहिनींनी खांदे उडवले. "उठून बसायची ताकद नव्हती."

मॅनेजर लगबगीनं आला. त्यानं घडी घातलेला कागद पुढे केला. राजेंनी तो न बघता खाली पडू दिला आणि ते रंगमंचाच्या मध्यावर, फुलांच्या पुढे जाऊन उभे राहिले.

"मित्रहो, हा माणूस जन्मभर अंधारात बसला, म्हणून आम्ही उजेडात उभे राहू शकलो."

अंधारातल्या खुर्च्या स्तब्ध झाल्या. राजेंची छाती फुगली. मग त्यांनी पुढच्या वाक्याकडे हात पसरला आणि तिथे काहीच नव्हतं. पार रिकामं. तोच दरबार, तेच सिंहासन. कुणीतरी खोकलं. विनोदी नटाच्या ओठाचा कोपरा वर गेला. मॅनेजर खाली वाकून कागद शोधू लागला.

"घसा माझा..." डाव्या विंगेतून आलं.

प्राण गेला तरी म्हणायचं नव्हतं ते वाक्य. पण हसण्यापुढे प्राण काय चीज आहे! "घसा माझा होता," राजे गरजले, "पण आवाज त्याचा होता!"

विनोदी नटाचं हसू मावळलं. मग काय विचारता. विंगेतून दोन-दोन शब्द येत गेले आणि राजे वाक्यामागून वाक्य फेकत गेले. अशी वाक्यं त्यांना कुठल्या नाटकात मिळाली नव्हती. बायका हुंदके देऊ लागल्या, मॅनेजरनं चष्मा काढला. रडा, राजे मनात म्हणत होते, रडा लेको, हाच तो भोंगा! भीती केव्हाच पळाली होती. डावा कान बर्फासारखा गार पडला होता, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

भाषण संपलं. त्यांनी मान झुकवली. आता नमस्कार करून उतरायचं. पण उतरण्याआधी टाळ्यांसाठी क्षणभर थांबायची खोड काही जात नाही, आणि ते थांबले.

"आता तुझ्याशिवाय..."

"आता तुझ्याशिवाय," राजे हात उंचावून म्हणाले, "मी या तोंडातून एक अक्षर काढणार नाही!"

सगळं थिएटर उठून उभं राहिलं. अंत्यसंस्काराला टाळ्या वाजवत नाहीत, तरी मागे दोघांतिघांनी वाजवल्याच. मॅनेजरनं येऊन मिठी मारली. "राजे, तोड नाही!" राजेंना त्याला म्हणायचं होतं, तुला काय कळतं रे त्यातलं. त्यांनी तोंड उघडलं. जीभ होती, श्वास होता, शब्द मनात स्पष्ट होता. बाहेर मात्र काही आलं नाही. गहिवरलेत बिचारे, असं समजून मॅनेजर डोळे पुसत निघून गेला.

मुक्याला उचलून बाहेर नेलं. पावलांचे आवाज लांब गेले, पुढचे दिवे कुणीतरी मालवले. राजे रंगमंचावरच उभे होते. "मुक्या," असं ते ओठांनी म्हणत होते, पुन्हापुन्हा, आणि त्यांनाच ते ऐकू येत नव्हतं.

वहिनी परत आल्या. विसरलेली चप्पल घ्यायला आल्या असाव्यात, कारण त्यांनी ती आधी पायात घातली आणि मग वर बघितलं.

"भाऊजी, एक विचारू? छान बोललात. पण सगळं आवाजाबद्दल. ते तुमचे कोण होते, ते काही बोलला नाहीत." त्या जवळ आल्या. "मी त्यांना नेहमी म्हणायची, तो माणूस तुम्हाला पायपुसण्याइतकी किंमत देत नाही. ते नुसते हसायचे. म्हणायचे, नाही गं, दोस्त आहे माझा. आज एकदा तुमच्या तोंडून ऐकू दे. मग मी जाते."

राजेंचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ते सांगायचं होतं. माझा एकुलता एक मित्र होता तो, वहिनी. किती सोपं वाक्य. पहिले दोन शब्द कुणी दिले असते तर पुढचं त्यांनी ओरडून सांगितलं असतं. त्यांनी तोंड उघडलं आणि वाट पाहिली.

डाव्या कानाशी श्वास होता. अगदी जवळ, लवंगेच्या वासाचा. शब्द नव्हता.

वहिनी थांबल्या होत्या. राजेंनी हात जोडले, त्यांच्यापुढे नव्हे, डावीकडे. श्वास चालूच राहिला. मग त्या श्वासाला एक हलका हेलकावा बसला. इतक्या वर्षांच्या त्या सपाट आवाजात राजेंना पहिल्यांदाच काहीतरी ऐकू आलं. तो हसत होता. गळ्यातल्या भोकातून हसल्यासारखा, नुसता वारा.

वहिनींचा चेहरा कडक झाला. "कळलं," त्या म्हणाल्या. "एवढंही जड जातं ना तुम्हाला."

त्या वळल्या. पायऱ्यांपाशी जाऊन थांबल्या आणि मागे पाहिलं, राजेंकडे नाही, त्यांच्या डाव्या खांद्याच्या जरा मागे. घरात नवऱ्याशी बोलावं तशा रोजच्या आवाजात त्या म्हणाल्या, "पुरे झाली चेष्टा. चला आता, बाहेर सगळे खोळंबलेत."

त्या उतरू लागल्या. लाकडी पायऱ्या जुन्या, प्रत्येक पायरी कुरकुरायची. वहिनींच्या पावलाला एकदा कुरकुरली, आणि त्या खाली गेल्यावर पुन्हा एकदा, सावकाश.

राजेंचा डावा कान हळूहळू उबदार होत गेला. तिकडे आता काहीच नव्हतं.

"राजे!" मॅनेजरनं दारातून हाक मारली. "गाडी उभी आहे. घरीच सोडायचं ना तुम्हाला?"

राजेंनी तोंड उघडलं, मान किंचित डावीकडे कलवली, आणि ते वाट बघत उभे राहिले.