हळदीचं बोलावणं

चांगुणाबाईचा आवाज अंजूरच्या खाडीवर वाऱ्याच्या आधी पोचायचा. मैना त्या घरात नवरी होऊन आली तेव्हा मुंडावळ्यांआडून तिला सासूचा चेहरा दिसलाच नव्हता. आधी भेटला तो सासूचा गळा. मधाची धार कशी वाकते पण तुटत नाही, तसा. आसपासच्या गावांतली कितीतरी लग्नं या धवलारणीनं गाऊन लावली. ती ओळ सोडायची, मांडवातल्या बायका झेलायच्या. धवलारणीची ओळ भुईवर पडू द्यायची नाही, अर्थ विचारत बसायचं नाही, उचलायची आणि परत द्यायची.

आज मैनाच्या लेकीची, पूर्वीची हळद होती आणि धवलारीण राहिली नव्हती.

"आजीच्या गाण्याबिगर मी हळद लावून घेणार नाय," हा पूर्वीचा साखरपुड्यापासूनचा धोशा. म्हणून मैनाच्या धाकट्या दिरानं, दत्तूनं, आजी असताना मोबाइलवर घेतलेलं चित्रण भावेशनं पेनड्राइव्हवर उतरवलं होतं. भावेश पूर्वीचा थोरला भाऊ. दुपारी टीव्हीला लावून पाहिलं तेव्हा आजीच्या पहिल्या तानेला खिडकीच्या काचा झणझणल्या. आजीच्या मागोमाग दत्तूही गेला होता, अंजूरच्या रस्त्यावर, कंटेनरखाली. चित्रणात तो कुठं दिसत नाही. मोबाइल धरून हसताना त्याचा हात हलतो आणि आजी पडद्यावर जराशी डुलते, तेवढाच तो.

संध्याकाळी मैनाच्या नारपोलीतल्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. पिवळ्या साड्या, मोगरा, ओल्या हळदीचा कडवट वास, खालच्या कापड-कारखान्यातल्या लूमची खटखट. पूर्वी पाटावर बसली. भावेशनं बटण दाबलं. पडद्यावर आजीनं पदर सावरला, तोंड उघडलं.

आणि आवाज गेला.

"काय रं, नवरीच्या भावा, म्यूट केलंस काय?" बायका खिदळल्या.

भावेशनं रिमोट दाबला. आवाजाची हिरवी पट्टी चाळीसवर गेली आणि कुणी हात न लावता सरसर उतरत शून्यावर आली. त्यानं सेल बदलले. वायरी काढून परत खोचल्या. आवाज बाहेरच्या स्पीकरला जातोय का, ते सेटिंगमध्ये जाऊन बघितलं. मालिका लावली तर नायिका कानठळ्या बसतील अशी रडली. त्याच पेनड्राइव्हवरचं बेंजोचं गाणं घर डोक्यावर घेऊन गेलं. फक्त आजीनं तोंड उघडलं, की पट्टी उतरायची.

"टीव्ही चांगला हाय, आई," भावेश घाम पुसत म्हणाला. "मग हे काय हाय ते मला नाय कळत."

पूर्वीचे डोळे भरून आले. तेवढ्यात कोपऱ्यातून कलावती सरकत पुढं आली. ती आजीची लेक, मैनाची नणंद. उभा जन्म लूमवर सुताच्या कांड्या भरण्यात गेला. खटखटीनं कान अधू झाले, स्वतःचा सूर ऐकू येईना म्हणून गाणं सुटलं. पण लूमच्या गोंगाटात माणसं एकमेकांचं बोलणं ओठांवरूनच वाचतात. पडद्यावरच्या मुक्या तोंडाकडं बघत ती हसली.

"आवाजाची गरज नाय. आय काय बोलते, मना दिसतंय."

आणि तिनं ओळ सोडली. फाटका, पण आजीचाच वळसा असलेला गळा.

"हलद दलली पिवली पिवली, मांडवदारी सांडली गो..."

मग अख्ख्या घरानं ओळ झेलली! पूर्वी रडता रडता हसू लागली. टाळ्या, शिट्ट्या, कुणी थाळी वाजवू लागलं. मैनाही टाळ्या वाजवू लागली. ओठ हलत होते पडद्यावर, गात होती कलावती, आणि दोघींच्यात केसाएवढंही अंतर पडत नव्हतं.

मग नावं आली. या घराण्यात हळद लावण्याआधी गेलेल्या माणसांना गाण्यातून बोलवतात. गेलेल्यांनाच. सगळी नावं घेऊन झाल्याशिवाय नवरीला हळदीचं बोट लावायचं नाही.

"पंढरीबाबा, हलदीला या हो..." हा सासरा. बायकांनी झेललं.

"विठूआज्या, हलदीला या हो..." झेललं.

"दत्तूबाला, हलदीला ये रं..."

बायकांनी तेही झेललं, आणखी जोरात. मैनाच्या टाळ्या मात्र थांबल्या. पडद्यावर आजी किंचित डुलली. मोबाइल धरून तेव्हा दत्तूच तर उभा होता, जिवंत, हसत.

पुढचं नाव आलंच नाही.

कलावती पडद्याकडं बघत बसली होती. आजीचे ओठ हलले. थांबले. पुन्हा तसेच हलले.

"ताई, काय बोलते आय?" मैनानं तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"न्हाय कललं."

"आतापर्यंत तर..."

"न्हाय कललं म्हनते ना!"

पडद्याखाली चित्रणाच्या वेळेचे आकडे थांबले होते. तरी आजीची पापणी लवत होती.

भावेश प्लगकडं वाकला. कलावतीनं त्याचं मनगट धरलं. "मधीच तोरू नको. अर्ध्यावर सोरली त हलद लागायची न्हाय पोरीला."

"आत्या, म्हण ना गो," पूर्वी पाटावरून म्हणाली. पिवळी साडी, दोन्ही हात पुढं पसरलेले, चेहरा नुसता उजळलेला. "थांबू नको ना आता."

"चल गो बाय, सोड फुडची वल!" बायका तालावर ओरडू लागल्या. "सोड! सोड!"

कलावतीनं पूर्वीकडं बघितलं. बराच वेळ. मग पडद्यावरच्या आईकडं.

आजीचे ओठ पुन्हा हलले. या वेळी मैनानंही नीट निरखलं. जीभ टाळूला लागली, ओठ उघडले, दात खालच्या ओठाला टेकले: ला... व...

"ताई, नको," मैना म्हणाली.

कलावतीनं हळदीच्या वाटीत बोट बुडवलं आणि मोकळ्या गळ्यानं, तरण्या पोरीसारखं, तिनं नाव घेतलं.

"कलावतीबाय, हलदीला ये गो..."

आत्यानं मस्करी केली, असंच वाटलं सगळ्यांना. हसता हसता सगळ्या गळ्यांनी ओळ झेलली. मैनानं तोंडावर हात दाबून धरला. पण तिच्या एकटीच्या गप्प राहण्यानं काय होणार होतं.

पडद्यावर आजीनं मान डोलावली.

हिरवी पट्टी आपोआप, एकेक घर, वर चढू लागली.