गिरजाआजीचा एकटीचा फोटो

आधीच सांगतो, यात अमावस्या नाही, वडाचं झाड नाही, केस सोडलेली बाई नाही. जे झालं ते भर उन्हात झालं.

मी स्वतः पाहिलंय. आणि चूकही माझीच आहे.

गावाचं नाव लिहीत नाही, कारण ती माणसं अजून तिथेच राहतात.

मी संदेश. शहापूरच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. मी, बायको रविना आणि आमची मुलगी मनस्वी, म्हणजे मनू. लग्नं, साखरपुडे, बारशी, पासपोर्ट फोटो, येईल ते काम करतो.

आणखी एक काम असतं. आमच्याकडे खेड्यात म्हातारं माणूस गेलं की घरचे कुठल्या तरी लग्नातला ग्रुप फोटो घेऊन येतात. "यातली आमची आजी तेवढी काढून द्या." मग मी आजूबाजूची माणसं पुसतो, मागे निळा रंग टाकतो आणि फ्रेम करून देतो. तेराव्याला हार घालायला. आजवर किती माणसं फोटोतून पुसली, त्याची मोजदाद नाही.

२१ एप्रिल २०२४, रविवार. सापगावचा पूल ओलांडून मुरबाडकडे जाताना आत एक गाव लागतं. तिथे लग्न होतं. मुहूर्त दुपारी साडेबाराचा. ऊन असं की कॅमेरा हातात धरवत नव्हता.

लग्न लागलं आणि स्टेजवर रांग लागली. प्रत्येकाला नवरा-नवरीसोबत फोटो हवा. मामाचे साडू, साडूचे शेजारी, सगळ्यांना.

अशा वेळी आम्ही फोटोग्राफर एक लबाडी करतो. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशला मागे टेस्टचं बटण असतं. ते दाबलं की नुसता उजेड पडतो. फोटो निघत नाही. पाहुणे खूश, पुढचा या. धंद्यातले बरेच जण करतात, कुणी कबूल करत नाही.

मी त्या दिवशी लग्न लागल्यापासून तेच करत होतो.

दोनच्या सुमारास मी जेवायला निघालो तर मांडवाच्या कडेला एक म्हातारी उभी. हिरवं नवं लुगडं, केस तेल लावून चापून बसवलेले. नवऱ्या मुलाची आत्या, गिरजाआजी.

"ए फोटोवाल्या, माजा येकटीचा काढ रे."

"काढतो आजी. जेवून येतो."

"नाय, आताच काढ. भितीवर लावाला. माजा येक बी फोटो नाय बग घरात."

तिने घरातून एक लाकडी स्टूल आणून दारात ठेवलं होतं. ती त्यावर ताठ बसली, पदर सारखा केला, हात गुडघ्यांवर ठेवले. एवढ्या गडबडीत ती बाई तयारी करून माझी वाट बघत होती, आणि मला भुकेचा राग आला होता.

मी कॅमेरा डोळ्याला लावला.

आणि टेस्टचं बटण दाबलं.

"आला का?"

"आला आजी. झकास."

"दाव बरं."

"नंतर दाखवतो."

ती हसली. तोंडात दोनच दात होते. मला ते हसू आजही दिसतं, आणि स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटते.

नवव्या दिवशी ती गेली.

तिचा मुलगा अनंता स्टुडिओत आला. पन्नाशीचा, शांत माणूस, भातशेती करणारा. म्हणाला, "आय सांगून गेली. फोटोवाल्याकं माजा फोटो हाय, त्योच लावा. तेराव्याला पायजे."

मी म्हटलं, "कॅमेऱ्याचं कार्ड खराब झालंय दादा. बघतो. नंतर देतो."

तो गेल्यावर मी त्या लग्नाचे सगळे फोटो काढून बसलो. अकराशे चाळीस. कुठल्या तरी ग्रुपमधून तिला कापून देऊ, हेच तर माझं काम.

ती सत्तावीस फोटोंत होती.

आणि सत्तावीसच्या सत्तावीस फोटोंत... तिचा चेहरा नव्हता.

कुठे कुणाचा कोपर आडवा आलेला. कुठे अक्षता टाकणारा हात. कुठे ती नेमकी वाकलेली. प्रत्येक फोटोला कारण होतं. पण चेहरा एकातही नाही.

तेरावा फोटोशिवाय झाला.

मी विसरून गेलो असतो. खरं सांगतो, विसरलो असतो.

पण जून महिन्यात मनूचा तिसरा वाढदिवस होता. मी स्वतः दीडशे फोटो काढले. केक, फुगे, पाहुणे, सगळे छान आले.

मनू मात्र... एकाही फोटोत नीट नाही.

मेणबत्तीचा धूर आडवा. कुणाचा तरी हात. तिने नेमकी मान फिरवलेली. म्हटलं, लहान पोर आहे, एका जागी ठरत नाही.

मग गणपतीत तेच. दिवाळीत तेच. मेहुण्याच्या फोनमध्ये, शेजारणीच्या फोनमध्ये, सगळीकडे तेच. केस तोंडावर आलेले, नाहीतर कुणीतरी मधून गेलेलं. प्रत्येक वेळी साधं कारण. रविना म्हणायची, "जगाच्या पोरांचे फोटो काढता, आपल्या पोरीचा एक धड नाही."

मी हसायचो.

यंदा एप्रिलमध्ये शाळेचा फॉर्म आणला. वर कोपऱ्यात चौकोन असतो ना, फोटो चिकटवायचा? त्यासाठी मनूला स्टुडिओत बसवलं. मागे पांढरा पडदा, समोर मी, मध्ये कुणी नाही.

चाळीस फोटो काढले.

शिंक. मिटलेले डोळे. खाली गेलेली मान. चाळीसाव्या फोटोत पडद्याची वरची दोरी सुटली आणि पडदा तिच्या तोंडावर आला.

हे असे फोटो मी आधी पाहिले होते. सत्तावीस.

त्या दुपारी मी रविनाला सगळं सांगितलं.

"म्हातारीला फसवलंत?"

"हो."

"मरायच्या आधीची एकच हौस होती तिची, आणि तुम्ही नुसता उजेड पाडलात? उद्या सकाळी जा. कबूल करा. माझ्या पोरीला यात ओढू नका."

दुसऱ्या दिवशी गेलो. अनंता घरीच होता. चार दिवसांनी, मंगळवारी, आईचं वर्षश्राद्ध होतं, अंगण सारवून ठेवलं होतं.

आत भिंतीवर एक खिळा होता. खिळ्याला ताजा झेंडूचा हार. हारात फोटो नव्हता.

नुसता खिळा.

"दादा, हे...?"

"तुजा फोटो येनार हाय ना. तवर खिळ्यालाच घालतो."

वर्षभर तो माणूस माझ्या शब्दावर रिकाम्या खिळ्याला हार घालत होता. मी खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. रडलोही.

वाटलं, मारेल. तो उठला, आतून तेच लाकडी स्टूल आणलं आणि दारात ठेवलं.

"मंग आता काढ."

"कोणाचा?"

"आयचा. तिला येकटीला बसवली व्हती ना तू? ती उठली कवा?"

अंगावर काटा आला. पण ज्याला फसवलंय त्याला नाही कसं म्हणायचं? मी कॅमेरा काढला. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. लख्ख ऊन. समोर निळं दार आणि रिकामं स्टूल.

आताच्या कॅमेऱ्यांत माणसाचा चेहरा समोर आला की स्क्रीनवर आपोआप छोटा चौकोन येतो. चेहरा नसेल तर येत नाही.

मी फोकस केला...

चौकोन आला.

स्टुलाच्या वर. बसलेल्या माणसाचं डोकं असतं, बरोबर तेवढ्या उंचीवर.

मी श्वास धरला. बोट बटणावर नेलं. आणि तेवढ्यात...

दुसरा चौकोन आला.

पहिल्याच्या खाली. लहान.

मी बटण दाबलं. या वेळी खरं.

स्क्रीनवर पाहिलं तर दार आणि रिकामं स्टूल. अनंताने वाकून बघितलं. "आली का?"

"नाही दादा. रिकामं आहे."

"घरी जाऊन मोठ्या स्क्रीनवर बग. आन मंगळवारच्या आत दे."

घरी आलो तेव्हा मनू पिवळ्या फ्रॉकात घरभर पळत होती. तिच्या पायात मामाने दिलेली पैंजणं आहेत, दिवसभर छुमछुम चालू असते. रविना म्हणाली, "आज काय झालं कोण जाणे. अकराच्या पुढे ही दारात ताठ बसून राहिली. हाका मारल्या, हललीसुद्धा नाही. मग एकदम उठली आणि खेळायला लागली."

मी तसाच कॉम्प्युटरवर बसलो आणि फोटो उघडला.

फोटोत गिरजाआजी होती.

हिरवं लुगडं, चापून बसवलेले केस, ताठ मान. ते दोन दातांचं हसू. चेहरा इतका स्वच्छ की कपाळावरचं गोंदण मोजता यावं.

आणि तिच्या मांडीवर... पिवळ्या फ्रॉकात मनू.

सांगायला लाज वाटते, पण आधी मला आनंद झाला. दहा महिन्यांनी पोरीचा चेहरा फोटोत दिसला होता. सरळ बघतेय, डोळे टपोरे. किती छान आली होती माझी मनू!

मग आजीचे हात दिसले.

लग्नात ते गुडघ्यांवर होते. आता मनूच्या कमरेभोवती होते. बोटांत बोटं घट्ट अडकवलेली.

रविनाने बघितलं आणि तोंडावर हात धरला. "हा फोटो त्या खिळ्याला लागणार? हार पडणार यावर? जित्या पोरीच्या फोटोला?"

"नाही गं. मी मनूला पुसतो ना यातून. माझं रोजचंच काम आहे."

ती मनूला घेऊन आत गेली. दुपारचे तीन वाजले होते. आतून छुमछुम ऐकू येत होती.

मी मनूच्या कडेने रेघ फिरवली. केस, गाल, फ्रॉक. सवयीचा हात, दोन मिनिटांत झालं. डिलीट दाबलं. मांडी रिकामी झाली.

आणि आतली पैंजणं... थांबली.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग रविनाचा आवाज आला.

"मनू?"

"मनू, अगं कुठे गेलीस? आत्ता इथेच होतीस ना..."

मागचं दार बंद होतं. पुढच्या दारात मी बसलो होतो.

तिचा आवाज चढत गेला. मी स्क्रीनकडे पाहिलं. मांडी रिकामी होती, पण आजीच्या बोटांत बोटं तशीच घट्ट होती. मधे काहीच नसताना.

मी मागे घेण्याचं बटण दाबलं. मनू फोटोत परत आली.

छुम... छुम... छुम.

"होतीस कुठे गं?" आतून रविना रडत ओरडत होती.

त्यानंतर मी त्या फोटोला हात लावलेला नाही. पुसला नाही, छापला नाही, उडवलाही नाही. तीन ठिकाणी साठवून ठेवलाय. लाइट गेली की मी आधी आत धावतो. शाळेच्या फॉर्मवरचा चौकोन अजून रिकामा आहे, शाळेकडून दोनदा विचारून झालं.

वर्षश्राद्धही फोटोशिवाय झालं.

अनंता दर शनिवारी फोन करतो. कधी चिडत नाही. "आयचा फोटो झाला का रे? हार वाळतो खिळ्यावर."

त्याला खरं सांगायला पाहिजे. सांगितलं तर तो फोटो मागेल, आणि तो त्याचा हक्क आहे, त्याच्या आईचा एकुलता एक फोटो. मग दरवेळी माझ्या तोंडून तेच निघतं, जे तिला म्हटलं होतं.

"देतो दादा. नंतर देतो."

असं म्हटलं की आतली पैंजणं थांबतात.

मी फोन हातात धरून मोजत बसतो. सुरुवातीला तीनपर्यंत मोजलं की छुमछुम परत यायची. मग पाच. मग नऊ.

काल शनिवार होता. मी चाळीसपर्यंत मोजलं.