सगळ्याजणी डॉरकस

आपल्या काळ्या मोलकरणींच्या गोष्टी लिहितेस म्हणे तू. लिही, पोरी. फक्त त्यात मायाळू गोरी मालकीण घालू नकोस. सव्हाना शहरात चाळीस वर्षं लोकांची घरं पुसली मी, मला तरी ती भेटली नाही. भेटली ती हॅटर्सलीबाई.

एका सोमवारी सकाळी काम विचारायला तिच्या मागच्या दारी गेले. बाजारात खेचर पारखावं तसं तिनं मला न्याहाळलं. नाव काही विचारलं नाही.

"तुला डॉरकसच म्हणेन," ती म्हणाली. "आमच्याकडे सगळ्याजणी डॉरकसच. आधीची अगदी घरच्यासारखी होती. एकतीस वर्षं."

"आता कुठं असते, बाईसाहेब?"

"मेली. इस्त्री करता करता. चांगली चादर जळाली माझी."

घरच्यासारखी म्हणे. घरच्या माणसाला कोणी मोरीपाशी ठेवलेल्या टवका उडालेल्या कपात कॉफी देतं? त्या डॉरकसच्या मातीला ही बाई गेली नव्हती. त्या दिवशी पत्त्यांचा डाव होता.

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, मी स्वयंपाकघरात पीठ मळत होते. वरून हाक आली, "डॉरकस, पाठ चोळायला ये."

मी हात पुसायला घेतले. एवढ्यात मागच्या जिन्यातून आवाज आला. म्हाताऱ्या बाईचा, बसका.

"आले, बाईसाहेब."

पाठोपाठ पावलं. एक टेकलेलं, एक ओढलेलं. मला वाटलं, हिनं आणखी एक बाई ठेवलीय. जिन्यात डोकावले तर कोणी नाही. नुसता कपडे धुण्याच्या साबणाचा उग्र वास.

मी वर गेले. न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं. आत पाणी हलत होतं आणि बाईची टकळी चालली होती. "हात किती गार गं तुझे. जरा जोर लाव. तुम्हा लोकांना खाताना बरा जोर असतो."

मी दारावर टकटक केली. "बाईसाहेब, मी इथं बाहेर आहे."

पाणी हलायचं थांबलं.

"मग… ही कोण?"

बोलला तो बसका आवाज, अगदी सावकाश. "माझं नाव सांगा, बाईसाहेब."

"डॉरकस…"

"ती माझ्या आधीची. माझं सांगा."

मग पाठीवर ब्रश चालू लागला. खर… खर… आणि बाई कुजबुजली, "अगं बाहेरची… हिचं नाव काय होतं? तुम्हाला तुमच्यातली माहीत असतात ना… सांग ना गं…"

"मला ठाऊक नाही. तुम्ही तर माझंही विचारलं नाहीत," मी म्हणाले आणि टोपी घेऊन पुढच्या दारानं बाहेर पडले. हो, पुढच्याच. मान खाली घातली नाही.

संध्याकाळी बाई सापडली. जिवंत होती, गार पाण्यात बसलेली, पाठ सोललेली. लेकीनं तिला अटलांटाला नेलं.

रविवारी मी चर्चमधल्या म्हाताऱ्यांना विचारलं. त्यांनी क्षणात सांगितलं: लुव्हेनिया गॅस्किन. हॅटर्सलीबाईला ते कळवायला एक ओळ पुरली असती. मी कळवलं नाही. एकतीस वर्षं एका छपराखाली राहून जिला विचारावंसं वाटलं नाही, तिला मी का सांगू? तू मात्र लिहिशील तेव्हा पूर्ण नाव लिही.

पुढं दोनेक महिन्यांनी मी कामावरून घरी आले. दाराचं कुलूप माझ्या हातानं काढलं. आत टेबलावर पाकीट होतं. कामाच्या यादीवर पाहिलेलं हॅटर्सलीबाईचं अक्षर. "ती रोज येते. तिचं नाव शोधून दे." बस, एवढंच.

पाकिटावर नुसतं 'डॉरकस' लिहिलं होतं. पत्ता नाही, तिकीट नाही. मी खिडक्या पाहिल्या. सगळ्या आतून बंद होत्या, आणि खोलीत तोच कपडे धुण्याच्या साबणाचा उग्र वास.