रिकाम्या चौकटीतली ओळ

भुताखेतांच्या गोष्टी मला कधीच पटल्या नाहीत. त्यामुळे एखादी रचायची हौस मला नाही. ही माझ्या मोठ्या बहिणीच्या, ताईच्या बाबतीत घडली. गेल्या जूनमधला मंगळवार. भर दुपार.

ताई एका दातांच्या दवाखान्याची वेबसाइट सांभाळते. तिच्याआधी ते काम एक गृहस्थ करायचे, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. दवाखान्याच्या मालकांनी, साहेबांनी, त्यांना सगळ्यांसमोर अडाणी म्हणून हाकललं. आठवड्याभरात मास्तर वारले.

त्यांची एक सोय मागे राहिली. दवाखान्याच्या पानात एक चौकट आणि त्या चौकटीत मास्तरांच्या सर्व्हरवरचं, म्हणजे त्यांच्या वेगळ्या कॉम्प्युटरवरचं, रुग्णांसाठीच्या सूचनांचं पान. सर्च इंजिन तो मजकूर दवाखान्याच्याच नावावर नोंदवायचं.

मास्तर गेले तसा तो सर्व्हरही बंद पडला आणि दवाखान्यातल्या कपाटात गेला.

तेव्हापासून चौकट कोरी होती.

त्या मंगळवारी साहेब मोबाइल नाचवत आले. दवाखान्याचं नाव शोधलं, की खाली एक ओळ दिसत होती...

‘साहेबांना दात मोजता येतात. बाकी आनंद आहे.’

"पाचपर्यंत हे गेलं नाही, तर तुम्ही जा."

"पानावर ही ओळ नाहीये, साहेब. चौकटीतून आली असणार."

"मग चौकटीत कोण बसलंय?"

ताईने कपाट उघडलं. सर्व्हर तिथेच होता. वर धूळ, वायर गुंडाळलेली.

सर्च इंजिनने ती चौकट शेवटची कधी वाचली, ते तिने पाहिलं.

आज. तीन वाजून दहा मिनिटांनी.

घड्याळात तीन वाजून बारा मिनिटं झाली होती...

"कारण कळेपर्यंत चौकट राहू द्या," ती म्हणाली.

साहेब हसले. "शिकलेल्या ना तुम्ही? तोही अडाणी, तुम्हीही. काढा."

नोकरीचा प्रश्न होता. तिने काढली.

साडेचारला ओळ गेली. "बघा, पळालं भूत," साहेब म्हणाले.

घरी येऊन ताईने स्वतःचं पान शोधलं. त्यावर ती फक्त बाल्कनीतल्या रोपांच्या नोंदी लिहिते. एकही चौकट नाही.

खाली ओळ होती...

‘चौकटीत होतो, ते बरं होतं. मुली, तू निदान कारण तरी विचारलंस. साहेब कुठे राहतात?’

ताईने उत्तर दिलं नाही. पान बंद कर, असं मी तिला रोज सांगते. "असू दे," ती म्हणते.

परवा साहेब तिला पुन्हा अडाणी म्हणाले.

काल मी ते पान उघडलं. रोपांच्या नोंदींखाली ताईने साहेबांच्या रस्त्याचं नाव लिहिलं होतं...

घराचा नंबर अजून लिहिलेला नव्हता.