शेवंतीच्या डाव्या मनगटावर

द्वारका परबच्या हातांची बोटं सकाळी उघडत नसत. कोमट पाण्यात बुडवून ठेवली की अर्ध्या तासाने एकेक सुटे. अशा दिवशी शेजारची शेवंती दारातूनच म्हणे, "नीज गो तू. पट्टी दी माका."

नाडीपट्टी आल्यापासून काजूच्या कारखान्यात हजेरीचं पुस्तक उरलं नव्हतं. मनगटावरची ती करडी पट्टी घामावरून ताप, नाडी, अंगातला दाह सगळं टिपून ठेवी. हजेरीही तीच लावी. महिन्यात चार खाडे झाले की नाव कापलं जाई. म्हणून शेवंती उजव्या हाताला आपली आणि डाव्या हाताला द्वारकेची पट्टी बांधून काजू फोडायला बसे. पट्टीला घाम कळत होता, माणूस कळत नव्हता.

तीन वर्षं अशी गेली. सांधे सुजत, उतरत. गालांवर लाल चट्टे येत. कुणी म्हणालं वात, कुणी म्हणालं वय, कुणी काजूच्या चिकाला दोष दिला. पावलं सुजून चपलेत मावेनात, तेव्हा द्वारका तालुक्याच्या दवाखान्यात आली.

डॉक्टर मेस्त्रीबाई तरुण होत्या, पण घाईत नव्हत्या. "मला संशय आहे स्वयंप्रतिकाराचा," त्या म्हणाल्या. "अंगाची राखण करणाऱ्या पेशी आपल्याच अंगावर उलटतात. आता त्या मूत्रपिंडापर्यंत पोचल्यात. औषध आहे, पण पट्टीच्या नोंदी तपासणाऱ्या यंत्राने मंजुरी दिली तरच."

"मग घ्या की मंजुरी."

"यंत्र नाही म्हणतंय. तुम्ही दुखण्याच्या ज्या तारखा सांगितल्यात, नेमक्या त्याच दिवशी पट्टीत तुम्ही ठणठणीत. शेरा मारलाय, आजार मनाचा."

"मनाची बोटं सुजतात होय, बाई?"

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. एक हिरवी रेषा शांतपणे उडत होती. "हे आत्ताचं. तुम्ही कारखान्यात बसला आहात. नाडी अठ्ठ्याहत्तर. दाह नाही."

द्वारकेचा हात आपल्या मोकळ्या मनगटाकडे गेला. सवयीने तिने आजही पट्टी शेवंतीकडे दिली होती. खाडा नको म्हणून.

"काकी," डॉक्टरांनी आवाज खाली आणला, "ही नाडी कुणाची? नाव लिहिलं तर ते दिवस वगळता येतील. औषध याच महिन्यात सुरू व्हायला हवं."

"आणि तिचं काय?"

"खोटी हजेरी लावली म्हणून नाव कापतील. ते माझ्या हातात नाही."

शेवंतीच्या घरात दुसरं मिळवतं कुणी नव्हतं. तेवढ्यात रेषा जरा भराभर उडू लागली. अकरा वाजले होते. चहाची घंटा झाली असेल, शेवंती उठली असेल, दोन्ही पट्ट्या वर सारून काजूचा चीक काढायला राखेने हात चोळत असेल.

द्वारका त्या रेषेकडे बघत राहिली. तीन वर्षं जी नाडी आपल्यासाठी चालली, तिचं नाव कोणत्या तोंडाने घ्यायचं? आणि नाही घेतलं, तर आपण गेल्यावरही शेवंतीच्या मनगटावर द्वारका परब आणखी किती दिवस कामावर हजर राहील?