पहाटेचा पट्टा

शाळेच्या स्वयंपाकघरातून फोन आला तेव्हा शिवगोंडा चहा गाळत होता. "अक्काताई अजून पोचल्या नाहीत. तांदूळ तसाच पडलाय," पलीकडून शांताबाई म्हणाली. त्याची बायको उजाडायच्या आधीच सायकलवरून निघाली होती. तो चालत निघाला. नाक्याच्या अलीकडे माणसं जमलेली दिसली. मधोमध अक्काताईची सायकल मोडून पडली होती. विनाचालक ट्रक रस्त्याच्या कडेला शिस्तीत उभा होता.

तिसरा दिवस झाल्यावर महापालिकेच्या इंजिनिअर शेटेबाई घरी आल्या. उजेडपट्टा त्यांनीच आखला होता. डांबरात प्रकाशकण कालवलेले, आणि प्रत्येक सायकलीला एक बिल्ला. त्यावर नाव नसायचं. कुठल्या वेळी किती बिल्ले जातात ते रस्ता महिनाभर मोजायचा आणि पुढच्या महिन्यात त्याच वेळी हिरवा पट्टा उजळायचा. मग गाड्या आपोआप हळू होत, पट्ट्यात शिरत नसत. ज्या वेळी सायकली नाहीत, त्या वेळी सगळा रस्ता गाड्यांचा.

"पहाटे त्या वेळी महिनाभर रस्त्यावर सायकलच नव्हती, अशी नोंद आहे," शेटेबाई म्हणाल्या. "अंधारात ट्रक स्वतःच्या डोळ्यांपेक्षा रस्त्याचं जास्त ऐकतो. वहिनींनी बिल्ला लावला नव्हता का, आण्णा?"

गल्लीतला मुनीर रिक्षावाला दारात उभा होता.

"पडला असेल कुठंतरी," शिवगोंडा म्हणाला.

बिल्ला कुठं होता ते गल्लीला ठाऊक होतं. पट्टा मिळायला पुरेशा सायकली दिसायला हव्या होत्या, आणि ट्रकांच्या भीतीनं सायकल कोणी काढत नव्हतं. मग सगळ्यांनी आपले बिल्ले मुनीरच्या रिक्षात टांगले. तो शाळेच्या वेळी फेऱ्या मारायचा. रस्त्याला वाटायचं, सायकलींचा जथा चाललाय. अक्काताईनंही हसत दिला होता. "घे रे. माझी सायकल म्हातारी झाली, तिला कशाला दागिना?"

पट्टा आला, पण शाळेच्या वेळेपुरता. एकदा आखला की तो दिवसभर राहील, असंच सगळे धरून चालले होते.

शेटेबाई गेल्यावर मुनीर म्हणाला, "सांगून टाका, आण्णा. मी आडवा येणार नाही."

"सांगितलं तर पट्टा काढतील."

"काढतील. पण माणूस तुमचं गेलंय. मी कुठल्या तोंडानं नको म्हणू?"

बाहेर शाळेची वेळ झाली होती. हिरव्या पट्ट्यावरून पोरं चालली होती. अजून मोजकीच, पण खरोखरीच्या सायकलींवर. पुढे मुनीरची लेक रुखसार, एका हातानं चालवत.

"दोन्ही हात धर, ढालगज," मुनीर ओरडला. तिनं ऐकलं नाही.

शिवगोंडानं रिक्षातले दोन बिल्ले सोडवून घेतले, एक अक्काताईचा आणि एक शांताबाईचा. अक्काताईसारखीच शांताबाईही रोज अंधारात सायकलवरून स्वयंपाकाला जायची. त्यानं दोन्ही तिच्या सायकलीला बांधले.

"दोन कशाला?" शांताबाईनं विचारलं.

"असू दे. एकटी दिसू नकोस."

दोन बिल्ल्यांवर रस्ता पहाटे उजळेल का, हे महिनाभर तरी कळणार नाही. तोवर शांताबाई अंधारातच जाते. अक्काताईचा बिल्ला मुनीरच्या रिक्षात होता, हे शेटेबाईंना सांगायचं राहिलं आहे.