थ्रॉटलमधला बर्फ

माझी थोरली बहीण नर्स आहे. सकाळी सातची पाळी गाठायला तिने एक जुनी गाडी घेतली. घेण्याआधी ती मीच तपासली होती. चोवीस वर्षं गॅरेज चालवतोय. गाडीत खोट दिसली नव्हती.

थंडी पडली आणि तक्रार सुरू झाली. कालव्याच्या पुलाजवळ गाडी बंद पडायची, दहा मिनिटांनी आपली आपण सुरू व्हायची. गॅरेजमध्ये आणली की सुतासारखी सरळ.

"ताई, पडसं झालंय तिला," मी म्हणालो.

मग नीट समजावलं. इंजिनात हवा जिथून शिरते तिथे, थ्रॉटलमध्ये, एक झडप असते. तिच्या फटीतून जोरात जाताना हवा आणखी गार होते. बाहेर थंडी आणि दमटपणा असला की हवेतलं बाष्प झडपेवर गोठतं, वाट बुजते, इंजिन गुदमरतं. थोड्या वेळाने इंजिनच्याच उबेने बर्फ वितळतो आणि पुरावा उरत नाही. थ्रॉटल उबदार ठेवणारी गरम पाण्याची नळी आधीच्या मालकाने काढून टाकली होती. मी ती जोडली आणि ताईला म्हटलं, आता खुशाल जा.

चौथ्या दिवशी गाडी ऐन पुलावर बंद पडली. मागून आलेला ट्रक बाजूचा आरसा उडवून गेला. ताईला खरचटलंही नाही. संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवून ती म्हणाली,

"एक सांगू? बंद पडायच्या आधी कुणीतरी मोठा श्वास घेतं."

"हवा ओढल्याचा आवाज असतो तो."

"बंद पडल्यावर सोडतंही."

तिला खुशाल जा म्हणणारा मीच होतो.

दुसऱ्या दिवशी मी गाडी चालवली, ताई शेजारी. धुकं दाट होतं. पुलाच्या अलीकडे इंजिन गचके खाऊन थांबलं. गाडी कडेला घेतली, किल्ली खिशात टाकली, बॉनेट उघडून हवेचा पाइप सोडवला. गरम नळीचा बोटाला चटका बसला. तिच्याच टोकाला जोडलेल्या थ्रॉटलच्या तोंडात मात्र बोटभर जाड बर्फ.

हे जुळत नव्हतं.

पेचकसाने बर्फ खरवडला. तोंड मोकळं झालं, तेव्हा हवा ओढल्याचा आवाज आला. धुक्याचा एक बारीक पदर माझ्या मनगटावरून आत शिरत होता.

इंजिन बंद होतं.

मी तोंडावर तळहात ठेवला. तो ओढला गेला.

मग ओढ थांबली.

तळहातावर हवा आली. उबदार, ओलसर.

"सोडला ना?" मागे उभ्या ताईने हळूच विचारलं.

"चल, चालत जाऊ."

पूल आम्ही पायी ओलांडला. पाळीला उशीर होईल, असंही ती म्हणाली नाही.

गाडी भंगारात दिली. इंजिन आणि थ्रॉटल माझ्यासमोर उतरवून कापायला लावलं. ताई आता बसने जाते. थंडीत बंद पडणाऱ्या गाड्या येतात, तेव्हा मी गिऱ्हाइकांना दमट हवेचंच कारण सांगतो. ते खरंही असतं.

परवा भंगारवाला भेटला. गाडीचा सांगाडा अजून त्याच्या आवारात आहे.

"दारं बंद, आतली सीटंसुद्धा काढलीत," तो म्हणाला. "तरी गारठा असला की सकाळी सगळ्या काचा धुरकटलेल्या असतात. पुढच्या काचेवर तळहाताएवढी जागा तेवढी पुसलेली. आतून."